वैशाखातली दमट हवा

त्या वैशाखात आमच्या घरातल्या मिठाला पाणी सुटलं. यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. वैशाखात आमच्याकडे ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि दोरीवर टाकलेलं लुगडं पाठ फिरवेपर्यंत वाळून पापडासारखं कडक होतं. त्या वर्षी मात्र मिठाच्या गाडग्यात हात घातला की बोटं ओली व्हायची. काडेपेटीच्या काड्या घासून घासून गूल निघायचा, पण पेटायचं नाव नाही. आईनं खाटेवर घातलेल्या कुरडया चार दिवस उन्हात असूनही आतून चिवटच राहिल्या, आणि शेवटी त्यांना बुरशी धरली. आईनं त्या बकरीपुढे टाकल्या आणि गव्हाला, गिरणीवाल्याला आणि मला अशा तिघांना मिळून शिव्या दिल्या. हवेला शिव्या द्याव्यात हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्या हवेवर आमचा फार विश्वास होता.

हवेचं पहिल्यांदा बोलली ती आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, विमल. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती घरी आली होती आणि तिला नववा महिना लागला होता. आमचे दाजी मूळचे जामखेडकडचे, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांना नोकरी लागली ती थेट कोकणात, समुद्राजवळच्या एका गावात. तिथं खाडीच्या काठाला एक खोली भाड्यानं घेऊन ती दोघं राहत होती. आक्का आली ती सुक्या बोंबलांची मोठी पिशवी घेऊन. आमच्या घराला, शेजारच्या घराला, बहुतेक सगळ्या वस्तीला आठवडाभर त्याचा वास होता. बाजरीची भाकरी, बोंबलाचं लाल कालवण आणि वर कच्चा कांदा. दादा, म्हणजे आमचे वडील, गवंडीकामावरून आले की हात धुण्याआधी विचारायचे, "हाय का बोंबील?" अशी सगळी मजा चालली होती. फक्त आक्का जेवत नव्हती. ती उंबऱ्यावर बसून नाक वर करून वारा हुंगायची. आई म्हणायची, "इमल, शेळीवानी काय करतीस?" आणि आक्का म्हणायची, "आई, ही आपली हवा न्हाई. ही तिकडची हवा हाय."

तिकडच्या हवेचं ती मला दुपारी सांगायची. आम्ही दोघी पत्र्याखाली, जमिनीवर पाणी शिंपडून, पडून असायचो. उकाडा इतका की गोधडीसुद्धा नको व्हायची, आणि तरी अंगाला कोरडेपणा नाही. ती सांगायची, की त्यांच्या घरमालकीण म्हातारीच्या लहानपणी भरतीचं पाणी खाजणातच, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतच, थांबायचं. मग ते नारळाच्या मुळाशी यायला लागलं. दर पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण येतं, आणि दर उधाणाला ते थोडं आणखी पुढं येतं. भातशेतीला खारं पाणी लागू नये म्हणून मातीचा मोठा बांध घातलेला असतो, त्याला एका रात्रीत भगदाड पडलं आणि सकाळी सगळ्या खाचरांवर मिठाची पांढरी साय धरली होती. म्हातारीच्या परसातली विहीर तिच्या सासऱ्यानं खोदलेली, गोड पाण्याची. ती आता मचूळ लागते. पाऊस कधीही येतो, वाळत घातलेली मासळी कुजवून जातो, मोहोर काळा पाडतो. "आन् लोकं काय म्हनतात?" मी विचारलं. आक्का म्हणाली, "लोकं म्हनतात, उतरंल. उतरतं बी. पन मला झोप येत न्हाई कुंदे. मी कालनिर्णयावर पुनव-आवस बघून झोपते." आपली बहीण, जी लहानपणी विंचू चिमट्यात धरून बाहेर टाकायची, ती पाण्याला भिते, हे मला पटत नव्हतं. मी मुळातच भित्री. पण घरात एखादं तरी माणूस न भिणारं असावं असं मला वाटायचं, आणि ते माणूस आक्का होतं.

आता हातातल्या मोबाईलवर हवामानाचे इशारे येतात. माझी नात ते वाचून दाखवते, आणि शाळेत त्यांना हवामान बदल नावाचा धडा आहे. आम्हाला तसलं काही नाव ठाऊक नव्हतं. मिठाला पाणी सुटलं, वारा उलट्या अंगानं आला, एवढंच. ज्याला नाव नाही त्याच्याविषयी कुणाशी बोलायचं तरी कसं? बोललं की माणसं हसायची. आमची आई सगळ्यात जास्त हसायची. दादरला चैत्यभूमीवर गेली तेव्हा तिनं समुद्र एकदाच पाहिला होता, गर्दीतून, लांबून. तो तिला लई मोठा आणि लई बिनकामाचा वाटला होता. "एवढं पानी, आन् घोटभर पिता येईना," हे तिचं समुद्राविषयीचं मत कायम होतं.

पिण्याच्या पाण्याची आमची सगळी भिस्त नदीवर होती. नदी म्हणायचं एवढंच. होळीनंतर तिच्यात नुसती वाळू असायची, आणि त्या वाळूत आम्ही झिरा खणायचो. झिरा म्हणजे वाळूतला खड्डा, दीड पुरुष खोल. वाळू ढासळू नये म्हणून कडेनं दगड आणि तरवडाच्या फांद्या लावायच्या, उतरायला खोबण्या करायच्या. तळाशी पाणी झिरपत राहायचं, त्यात एक बाई उतरून वाटीनं ते हंड्यात भरायची आणि वरची दोरीनं हंडा ओढून घ्यायची. गावाचा झिरा वरच्या अंगाला आणि आमच्या बौद्ध वस्तीचा खालच्या अंगाला, वळणापाशी. टँकर यायचा, नाही असं नाही, पण तो पाथर्डीहून निघाला की नेमका कुठे जायचा ते आम्हाला कळायचं नाही. झिऱ्याचा कायदा मात्र पक्का होता. ज्या बाईचा नंबर लागला, तिनं आपली भांडी भरेपर्यंत वर यायचं नाही. वर आली की नंबर गेला. कारण माणूस चढताना-उतरताना वाळू पडते, पाणी गढूळ होतं आणि निवळेपर्यंत सगळ्यांचा खोळंबा होतो. म्हणून तहान लागो, चक्कर येवो, पोर रडो, झिऱ्यातली बाई वर यायची नाही. एकदा एका बाईला आत साप दिसला, तर तिनं वाटी आपटून त्याला मारला आणि उरलेली कळशी भरूनच वर आली. तिचं वस्तीत अजून कौतुक होतं.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. त्या दिवशी पाणी जास्त लागायचं. सगळ्यांची पांढरी लुगडी, पांढरे सदरे धुवायचे, विहार सारवायचा, दुसऱ्या दिवशीच्या खिरीचं मोठं पातेलं घासायचं. त्यामुळे झिऱ्यावर दुपार टळली तरी रांग होती. आमचा नंबर लागला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. आई आत उतरली, मी वर दोरी धरून. आमच्या मागे सोनाबाई, आमच्या शेजारची, आपले हंडे पालथे घालून त्यावर बसलेली. बाकीच्या बाया काठावर बाभळीच्या सावलीत होत्या. आमच्या डोक्यावरचं आभाळ स्वच्छ होतं. डोंगराकडचं मात्र काळं झालं होतं, आणि मधूनमधून लांबवर गडगडत होतं. सोनाबाई म्हणाली, "डोंगरात पडतंय जनू." कुणी मान वर करून पाहिलं, कुणी तेही नाही. वैशाखात वळीव पडलाच तर वाळू तो पिऊन टाकते. पावसाळ्यात नदीला पाणी येतं तेव्हा आधी चार दिवस सगळ्यांना ठाऊक असतं. उन्हाळ्यात कोरड्या नदीला कोण भिणार? आमच्यातली अर्धी पोरं तर त्या वाळूतच चालायला शिकली होती.

आक्का काठावर आली ती एकटीच. तिला घरी थांबायला सांगितलं होतं. ती काठावर उभी राहिली, पोटाखाली एक हात लावून, आणि नदीच्या वरच्या अंगाला बघत राहिली. मग तिनं मला हाक मारली, "कुंदे, आईला वर घे." मी म्हटलं, "अजून एक हंडा आन् कळशी ऱ्हायलीय." ती म्हणाली, "वारा बघ." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एकदम गार वारा सुटला होता आणि त्याला भिजलेल्या मातीचा वास होता. मी आत वाकून आईला सांगितलं. आतून आईचा आवाज आला, घुमल्यासारखा, "तिला म्हनावं घरला जा. एवढा हंडा भरू दे."

आक्का घरी गेली नाही. ती काठाची घसरण उतरून खाली आली. नववा महिना, पायात स्लिपर, वाळूत पाय रुतत होते. बाभळीखालच्या बाया ओरडल्या, "अगं ए, पडशील!" ती झिऱ्यापाशी आली आणि माझ्या शेजारी बदकन खाली बसली. मांडी घालून. आत वाकून म्हणाली, "आई, वर ये."

"इमल? तू खाली कशाला आलीस गं?"

"वर ये. मला आवाज येतोय."

"कसला आवाज? आभाळ गडगडतंय."

"न्हाई. भरती शिरताना खाडीत असाच येतो. जात्यावानी."

मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही. सोनाबाई हसून म्हणाली, "हिला दिस भरल्यात, तवा असं हुतं." आत वाटीचा खरडण्याचा आवाज चालूच होता. आई म्हणाली, "कळशी ऱ्हायलीय नुसती. नंबर जाईल माझा. मागं किती बाया हायत्या बघ की."

मग आक्कानं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ती शांतपणे म्हणाली, "मग मी बी हितंच हाय. तू येत न्हाईस तवर मी उठत न्हाई." आणि दोन्ही हात मागे टेकून ती आणखी ऐसपैस बसली.

आतला वाटीचा आवाज थांबला. आईनं खालून वर पाहिलं. तिला तिथून फक्त आक्काचं पोट आणि हनुवटी दिसत असणार. "ये भवाने," आई म्हणाली, "उठ म्हनते ना!" आक्का उठली नाही. आई रागानं फणफणत खोबण्यांत पाय देत वर यायला लागली. वाळू ढासळून खालचं पाणी गढूळ झालं, तशी सोनाबाई ओरडली, "अवो इंदूबाई, सगळं गदूळ केलं की!" आई वर आली, लुगड्याचा ओला ओचा पिळायला वाकली, आणि आक्काला धपाटा घालायला तिनं हात उचलला. तेवढ्यात सोनाबाईनं आपला नंबर म्हणून झिऱ्यात एक पाय टाकलासुद्धा. आक्कानं बसल्या जागेवरून तिचा पदर धरला. "सोनाकाकू, पाया पडते, उतरू नका." सोनाबाई पदर ओढायला लागली. त्या ओढाओढीत आम्ही सगळ्या एकदम गप्प झालो, कारण आता आवाज मलाही आला. जात्याचाच. मोठ्या जात्याचा, रिकामं फिरणाऱ्या.

वळणावरून पाणी आलं. मी मोठ्या लाटेची वाट बघत होते, सिनेमातल्यासारखी. ती तशी नव्हती. गुडघाभर उंचीचा तपकिरी गाळ होता तो, पुढे काटक्या, शेण, फेस, कुणाची तरी चप्पल, आणि तो सगळा ढीग गुरगुरत, जरा सावकाशच वाटेल असा आमच्याकडे येत होता. त्या सावकाशपणाचीच जास्त भीती वाटली. आईनं आक्काला एका काखेतून धरलं, मी दुसऱ्या. सोनाबाई हंडे टाकून पळाली, मग अर्ध्यातून परत आली आणि आक्काला मागून रेटायला लागली. काठाच्या घसरणीवर आक्काचा पाय लागेना. बाभळीखालच्या बायांनी वरून तिचे हात धरले. पाणी आईच्या पोटऱ्यांना लागलं, मग मांड्यांना, मग ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून आक्काच्या पाठीला खांदा लावून ढकलत होती आणि तोंडानं एकसारखं म्हणत होती, "चल माय, चल माय." त्याआधी आणि त्यानंतर तिनं आम्हाला कधी माय म्हटलेलं मला आठवत नाही. आक्का वर गेली, तिच्यामागून मी चढले, आणि मग सोनाबाईला आणि शेवटी आईला आम्ही पदर टाकून वर ओढलं. खाली पाहिलं तेव्हा झिरा कुठे होता तेसुद्धा कळत नव्हतं. आमची रिकामी कळशी तेवढी थोडा वेळ गिरक्या घेत तरंगली आणि गेली. वर आभाळ तसंच स्वच्छ होतं आणि पाण्यावर ऊन चमकत होतं.

आक्काच्या कळा तिथंच काठावर सुरू झाल्या. दादांनी गावातली जीप करून तिला पाथर्डीच्या दवाखान्यात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी, इकडे विहारात खीर वाटत असताना, तिला मुलगी झाली. पौर्णिमेला झाली म्हणून पौर्णिमाच नाव ठेवलं. सोनाबाईनं बाळंतिणीसाठी कोंबडी पाठवली. वस्तीत सगळे आक्काला मानायला लागले. डिंकाचे लाडू वळताना, बाळाला शेक देताना आई मधेच थांबायची आणि आक्काकडे बघत राहायची. माझी मात्र झोपच उडाली होती. पत्र्यावर चिमणी चालली तरी मी उठून बसायचे. ज्या नदीच्या वाळूत आम्ही निर्धास्त लोळायचो, ती आता मला झोपेचं सोंग घेऊन पडलेली वाटायची, आणि ती भीती माझ्या मनातून पुढे कधीच पूर्ण गेली नाही.

सव्वा महिना झाला आणि दाजी न्यायला आले. शाळा सुरू झाली होती. आई म्हणाली, "जावईबापू, पावसाळा सरू द्या. दिवाळीला न्या." दाजी स्वभावानं फार गरीब माणूस. म्हणाले, "मामी, तिकडं पाण्याची सवय असते लोकांना. आन् शाळा उंचावर हाय, तसं काय वाटलं तर तिथं जाऊ." आक्काला विचारलं तर ती म्हणाली, "जाते." नवऱ्याला एकट्याला तिथं ठेवायचं तिच्या जिवावर आलं असणार. एसटीच्या खिडकीतून तिनं बाळाचा हात धरून आम्हाला हलवून दाखवला. आई हसली नाही.

त्यानंतर आमच्या घरात एक नवीनच खूळ शिरलं. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की आई भाकरी थापायची थांबून रेडिओला कान लावायची. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, किनारपट्टीला इशारा, असं काही आलं की तिचा चेहरा उतरायचा. आमच्याकडे आषाढ सबंध कोरडा गेला, बाजरी करपली, बाया आभाळाकडे बघून हात जोडत होत्या, आणि आमची आई मात्र पावसाचं नाव काढलं की दचकायची. श्रावणातल्या पौर्णिमेला दोन दिवस असताना रेडिओवर सांगितलं, की कोकणात धो धो चालू आहे आणि समुद्र खवळलेला आहे. आईनं तव्यावरची भाकरी तशीच उतरवली. "मी उद्या जाते," ती म्हणाली. दादा म्हणाले, "तुला रस्ता तरी म्हाईत हाय का? मी येतो संगं." आई म्हणाली, "तुमी कुंदीपाशी ऱ्हावा. मी इचारत जाईन." नगरच्या पुढे एकटी कधी न गेलेली ती बाई सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाली, भाकरी-चटणीचं फडकं आणि दादांची छत्री घेऊन.

पुढचं मला आक्कानंच सांगितलं. पौर्णिमेच्या दुपारी आई तिच्या दारात पोचली तेव्हा अंगणात घोटाभर पाणी होतं. शेजारची माणसं ओट्यांवर बसून चहा पीत होती. दाजी शाळेत गेलेले. आक्का आत खाटेच्या पायांखाली विटा लावत होती आणि बाळ खाटेवर झोपलं होतं. आईला बघून आक्काला रडूच आलं, पण मग ती हसून म्हणाली, "आई, एवढी कशाला घाबरलीस? उधाण हाय. दर पुनवेला येतं. घटकाभरात उतरंल, तवर एवढ्या इटा लावून घेते."

आई पाण्यातून आत आली, झोपलेलं बाळ उचलून छातीशी धरलं, वर छत्री उघडली आणि येताना वाटेत पाहिलेल्या शाळेच्या चढाच्या दिशेनं चालायला लागली. आक्का हातातली वीट टाकून तिच्या मागे धावली.